चार पिस्तुलं आणि जवसाचं तेल

बाबांना दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक, कारण नसताना बोलणारी माणसं. दुसरी, कारण नसताना निघून जाणारी हवा. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, कुकर आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पाटीवर नावापुढे ‘अँड सन्स’ असं लिहिलेलं होतं. पाटी रंगवली तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि पुढे झालो आम्ही दोघी बहिणी. पाटी तशीच राहिली. पेंटरला परत बोलवावं असं त्यांच्या मनात कधी आलं नसेल, किंवा आलं असेल आणि लाज वाटली असेल. थोरली ताई लग्न होऊन अमरावतीला गेली आणि दुकानात उरले मी, कुंदा, वय एकोणीस, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बोटं कायम काळी. आई म्हणायची, या बोटांना मेंदी लावून तरी काय उपयोग, दिसणारच नाही.

वर्ध्यालगत नालवाडीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दुरुस्त झालेला प्रत्येक स्टोव्ह गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आमच्या घरी एक स्वयंपाक करायचा, हा बाबांचा नेम. त्यामुळे आमच्या चुलीच्या जागी रोज वेगळ्या माणसाचा स्टोव्ह असायचा. सकाळी पंप मारल्याचा खटखट आवाज, मग फुरफुर, मग एकसारखा घुमणारा जाळ, आणि त्यावर ज्वारीची भाकर. आई पहिली भाकर तव्यावर टाकताना विचारायची, “आज कोणाचा स्टोव्ह होय वं?” मी नाव सांगायचे. तिला वाटायचं, ज्याचा स्टोव्ह त्याच्या घरची चव थोडी तरी उतरते. एका मारवाडी वकिलाच्या स्टोव्हवर तिनं वांग्याचं भरीत केलं आणि ते अळणी झालं, तर दोष वकिलाला. आता मागे वळून पाहते तेव्हा एवढं एकच घर माझ्या डोळ्यांपुढे येतं जिथे रोज दुसऱ्याच्या आगीवर जेवण व्हायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

आणि घरभर जवसाच्या तेलाचा वास. घाणीवरून डबा यायचा, अर्धा स्वयंपाकघरात, अर्धा दुकानात. भाजीची फोडणी जवसाच्या तेलाची, भाकरीवर चटणी जवसाची, त्यावर धार पुन्हा जवसाच्याच तेलाची. दुकानात बाबा चामड्याचे वायसर याच तेलात रात्रभर भिजत घालत. सकाळी ते वायसर असे मऊ होऊन यायचे की पंपात सरकवताना अंगठ्याला गुदगुल्या व्हायच्या. त्यांच्या दुरुस्तीचं सगळं नाव त्या तेलावर होतं, आणि ते कुणापासून लपवून ठेवलेलंही नव्हतं. कुणी विचारलं की म्हणत, “जवस खाल्लं त म्हातारा बी पळते, मंग वायसर काऊन नाई पळन?” सेलूपासून देवळीपर्यंतचे लोक पंप घेऊन आमच्याकडे यायचे ते याचसाठी, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चामड्याला जवसाचं तेल मानवतं.

गळती शोधायची रीत अशी: रिठ्याचा फेस करायचा, जुन्या दाढीच्या ब्रशानं जोडावर लावायचा आणि बुडबुडा कुठे फुगतो ते पाहायचं. बाबा बुडबुडा पाहायचे. मला तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. ही बढाई नाही. सतराव्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं की मोठी गळती ‘सुस्स’ करते आणि बारीक गळती काहीच करत नाही, फक्त तिच्याजवळ ओठ नेले की गार लागतं. मी ओठांनी गळती शोधायचे. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, “पोरीच्या जातीनं पंपाले तोंड नाई लावावं.” पण गळती तिथेच निघाली, म्हणून पुन्हा बोलले नाहीत. हळूहळू अवघड माल माझ्याकडे सरकवायला लागले. गिऱ्हाइकाला सांगत, “उद्या घेऊन जाजो, मी बसतो याच्यावर,” आणि मागच्या खोलीत बसायचे मी. तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं नाही. वाईट वाटायला आधी आपलं काहीतरी आहे हे कळावं लागतं.

ती पिस्तुलं आली उन्हाळ्याच्या तोंडावर. कापसाच्या एका बंद पडलेल्या गोदामात भोयर सरांनी नेमबाजीचा वर्ग काढला होता. सर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, मिशीवाले, स्वभावानं मवाळ. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी चार जुनी पिस्तुलं मिळवली होती. ही खऱ्या गोळीची पिस्तुलं नव्हेत. नळीखाली बोटभर जाडीची गॅसची बाटली, आणि आत हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान शिशाचा छर्रा. घोडा ओढला की आतला व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, चिमूटभर गॅस सुटतो आणि दहा मीटरवरच्या पुठ्ठ्याला भोक पडतं. गॅस सोड्याच्या कारखान्यातल्या मोठ्या टाकीतून भरून आणायचा. सगळं ठीक होतं, फक्त चारही पिस्तुलं गळत होती. संध्याकाळी भरलेली बाटली सकाळी रिकामी. नागपूरच्या दुरुस्तीवाल्यानं हात वर केले होते. सरांनी खोका आमच्या गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, “वामनराव, हवा अडवाचं काम तुमचं. आता तुमीच पाहा.”

बाबांनी एक पिस्तूल उघडलं आणि तोंड वाकडं केलं. आत चामडं कुठेच नव्हतं. सगळ्या रबराच्या बारीक बारीक रिंगा. त्यांनी नळाच्या रबरी रिंगा कापून बसवल्या, वरून जवसाचं तेल लावलं, गॅस भरला. तासाभरात रिंगा फुगून चिंचोक्याएवढ्या झाल्या. दुसऱ्यांदा कुकरचं रबर लावलं, तेच झालं. मग त्यांनी खोका माझ्यासमोर सरकवला आणि जेवायला घरी निघून गेले. खोक्यात एक इंग्रजी माहितीपुस्तिका होती, तेलाच्या बोटांनी मळलेली. मी ती कॉलेजात नेऊन आमच्या इंग्रजीच्या बाईंकडून समजून घेतली. त्यांना पिस्तुलातलं काही कळत नव्हतं आणि मला इंग्रजीतलं, पण दोघींनी मिळून तीन दिवसांत अर्थ लावला: हा गॅस मऊ रबरात शिरतो आणि त्याला फुगवतो, म्हणून रिंग कडक हवी. आणि दुसरं म्हणजे, सोबतच्या ट्यूबमधला पांढरा मलम तेवढा सुईच्या टोकानं लावा, दुसरं कोणतंही तेल लावू नका. कडक रिंगा मला ट्रकचे जॅक दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाल्या, पिवळसर, नखानं दाबल्या तरी न दबणाऱ्या. मापाच्या नव्हत्या, पॉलिश पेपरवर घासून मापाच्या केल्या. पंधरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी चारही पिस्तुलांच्या प्रत्येक जोडावरून मी ओठ फिरवले आणि कुठेही गार लागलं नाही. त्या दिवशी मला जे वाटलं ते मला नंतर लग्नातही वाटलं नाही आणि मुलगी झाली तेव्हाच पुन्हा वाटलं. लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण तसंच आहे.

सरांना मी एकच गोष्ट मागितली, मलाही चालवू द्या. ते हसले आणि हो म्हणाले. त्यांच्या वर्गात तीन पोरं होती, चौथं पिस्तूल रिकामंच होतं. माझा हात स्थिर निघाला. त्यात नवल काही नाही, पॉलिश पेपरवर रिंग घासताना श्वास धरूनच बसावं लागतं. महिनाभरात माझ्या पुठ्ठ्यावरची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली. पोरं आधी चिडवायची, “मिस्त्रीणबाई आल्या,” म्हणायची; मग माझ्या शेजारची जागा कुणी घ्यायची यावर भांडायला लागली. सरांनी चौघांची नावं नागपूरच्या निवड स्पर्धेला दिली. तिथे जे निवडले जातील ते राज्याच्या शिबिराला पुण्याला जाणार होते.

नेमकं तेव्हाच समुद्रपूरचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, थोडी कापसाची शेती, मुलगा एकुलता एक. बाबांना ते पसंत होतं. मी दोन दिवस जेवले नाही. हे सांगताना आता हसू येतं, कारण आईनं त्या दोन्ही दिवशी मुद्दाम बेसनाच्या पातोडीची भाजी केली होती आणि तिच्या तर्रीचा वास घरभर फिरत होता. तिसऱ्या दिवशी बाबांनी ताटावरून हात उचलला आणि म्हणाले, “हे पाह्य कुंदा. नागपूरच्या यादीत तुहं नाव आलं, त दोन वर्सं लग्नाचं नाव नाई काढत. पुण्याले जाय, कुठं जाचं तिथं जाय. अन् नाई आलं, त समुद्रपूरवाल्याईले मी होकार देतो, मंग रडजो नको.” मी म्हटलं, “शब्द देता?” ते म्हणाले, “वामनचा शब्द होय. वायसर झिजन, शब्द नाई झिजाचा.” मला वाटलं, आता झालंच. माझा हात मला माहीत होता आणि पिस्तूल तर मीच बांधलेलं होतं.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी आई मला समुद्रपूरला घेऊन गेली. होकार-नकार पुढचं पुढे, पण बोलावलं तर जायला हवं, हा तिचा हिशेब. एस.टी.नं गेलो, चार दिवस आईच्या मावसबहिणीकडे राहिलो, पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाच्या आईनं माझी बोटं पाहून विचारलं, “हे काय होय?” आईनं सांगितलं, मेंदी नीट उतरली नाही. स्पर्धेआधी एकदा तपासायला आणलेला पिस्तुलांचा खोका निघण्याआधी मी दुकानातल्या फळीवर ठेवला होता. बाबांना दोनदा सांगितलं होतं, “तयार हायेत. सर आले की देऊन देजा. हात नका लावू.” ते मान हलवत होते आणि एका स्टोव्हची नळी फुंकत होते. मी परतले तोवर सर खोका घेऊन गेले होते. माझं पिस्तूल मी पुन्हा पाहिलं ते थेट नागपूरच्या हॉलमध्ये.

आमच्या चौघांत माझी फेरी पहिली होती. सरावाचे छर्रे छान गेले. मोजणीचे पहिले सहाही छान गेले, सर मागून हळूच “शाब्बास” म्हणाले. सातव्याला घोडा ओढला आणि मला ते ऐकू आलं. हॉलमध्ये शंभर माणसं असतील, बाकी कुणालाच ऐकू आलं नसेल. सुस्स. व्हॉल्व्ह उघडला होता आणि पुरता मिटत नव्हता. आठवा छर्रा पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला लागला, नववा पुठ्ठ्यापर्यंत पोचलाच नाही. हात वर करून मी पंचांना बोलावलं, त्यांनी दुरुस्तीला वेळ दिला. टेबलावर रुमाल पसरून पिस्तूल उघडलं. व्हॉल्व्हच्या दांडीवर पिवळा चिकट थर बसला होता. गॅसनं गार पडून तो गुळाच्या पाकासारखा धरला होता. मला तो नाकाजवळ न्यायचीही गरज नव्हती. आमच्या स्वयंपाकघराचाच वास होता तो.

ओढणीच्या टोकानं जेवढं पुसता आलं तेवढं पुसलं, पण आतल्या भोकात गेलेलं निघेना. तोवर पुढच्या फेरीसाठी आमच्या तीन पोरांची नावं पुकारली गेली. मी ओरडले, “उघडून पाहा आधी!” पण ते जागेवर उभे राहिले होते आणि पंचांनी मला गप्प केलं. एकेकाचं पिस्तूल माझ्यासारखंच गळून बसत गेलं. माझे उरलेले छर्रे मी कसेबसे मारले. संध्याकाळी भिंतीवर यादी लागली, तिच्यात आमच्यापैकी कुणाचंही नाव नव्हतं. परतीच्या गाडीत एक पोरगा माझ्याकडे पाहून म्हणाला, “रिपेरवाल्याच्या भरोशावर राह्यलो, अजून काय होईन!” सर खिडकीबाहेर पाहत होते.  मला वाटत होतं की उद्या बाबा सांगतीलच. चूक झाली असेल तर माणूस सांगतो, एवढं साधं गणित होतं माझं.

बाबांनी ते वाईट हेतूनं केलं नाही हे मला हॉलमध्येच कळलं होतं. मी गावाला गेले असताना त्यांनी खोका उघडला असणार, रिंगा कोरड्या दिसल्या असणार, आणि कोरडा जोड पाहून वामनरावांचा हात तेलाच्या बाटलीकडे गेला नाही असं आयुष्यात घडलेलं नव्हतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. हे मी तेव्हाच माफ केलं होतं. नीट वाचा, तेव्हाच. गाडी सेलूला पोचायच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खोका घेऊन दुकानात आले. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक कुकरवाली बाई आणि एक पंपवाला. मी बाबांच्या शेजारी उभी होते. सरांनी एक पिस्तूल उघडून गल्ल्यावर ठेवलं. “वामनराव, चारही बसली. पाहा आत काय हाय ते.” बाबांनी चष्मा लावला. बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत होते. त्यांना कळलं. ओठ जरासे उघडलेही, आणि त्याच क्षणी त्यांचं लक्ष बाकावरच्या त्या दोघांकडे गेलं. मग त्यांनी चष्मा काढला, हात जोडले आणि म्हणाले, “पोरीच्या हातचं काम होय, सर. लहान हाय. मीच ध्यान द्याले पाह्यजे होतं. माफ करा.”

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग म्हटलं, “बाबा, मी तेल नाई लावलं.”

“मंग कोणं लावलं? पिस्तुलं कोणं बांधली?”

“बांधली मीच. तेल तुमी लावलं. मी समुद्रपूरले गेलती तवा.”

 कुकरवाली बाई जमिनीकडे पाहायला लागली. बाबा हसले. ते हसणं मी आजही सहन करू शकत नाही. म्हणाले, “पाह्यता ना सर? काम बिघडलं की तोंड चालते. पोरीची जात.” सरांनी फळीवर पाहिलं. तिथे जवसाच्या तेलाची बाटली उभी होती, तिच्यात ब्रश बुडवलेला होता. त्यांनी ती पाहिली, हे मी पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण गावात दुसरा मिस्त्री नव्हता आणि भांडण लावायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “जाऊ द्या वामनराव, होते असं,” एवढं म्हणून ते गेले. मवाळ माणसांची मला तेव्हापासून धास्ती आहे. वाईट माणूस निदान कोणत्या बाजूला उभा आहे ते तरी दिसतं.

घरी आले तर आई कुणाच्या तरी स्टोव्हवर आंबाडीची भाजी शिजवत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं जाळ कमी केला. भाजी घोटत घोटत म्हणाली, “मले मालूम हाय. आपण जाच्या दिवशी त्यायनं सकाळी घरून ताजं तेल नेलं. दुकानातलं जुनं हाय म्हणे, पोरीच्या कामाले चांगलं लागन.” हे ऐकून मी रडले. पिस्तूल बसलं तेव्हा नाही रडले, दुकानात नाही रडले, इथे रडले. मग विचारलं, “तुले मालूम हाय त सांगत काऊन नाई सराईले?”

“काय सांगू? तीस वर्सं झाली त्यायच्या हातावर लोकायचा भरोसा हाय. चार लोकाईत मान खाली गेली असती त्यायची.”

“मंग माही गेली ते?”

“पोरीची जाते वं. पोरीची मान खालीच राह्यते, तिले सवय होते.” असं म्हणून तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. वर तेलाची धार धरायला गेली आणि माझ्याकडे पाहून बाटली खाली ठेवली. माझ्या आईइतकं मला कुणी समजून घेतलं नाही आणि तिच्याइतकं कुणी मला एकटं पाडलं नाही, दोन्ही खरं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण चोर आपल्याच घरचा असला आणि त्यानं चोरी आपल्या भल्यासाठी केलेली असली, की संन्याशाला रडायचीही सोय राहत नाही.

बाबांनी शब्द पाळला. यादीत नाव नव्हतं, आठ दिवसांत समुद्रपूरला होकार गेला आणि तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली. नवऱ्याबद्दल मला तक्रार नाही, तो भला माणूस निघाला. पण इथे त्याचा विषय नाही. माझी मुलगी आता पुण्याला नोकरी करते. मागच्या महिन्यात तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कुणी परदेशी माणूस टेबलावर खेळातलं गॅसचं पिस्तूल उघडून बसलाय, प्लास्टिकच्या गोळ्या मारायचं, तरुण पोरं एकमेकांवर झाडत खेळतात ते. गॅसची गळती कशी थांबवायची ते दाखवतोय. सुरुवातीलाच बोट उंचावून बजावतो, स्वयंपाकघरातलं तेल अजिबात लावू नका. मुलीनं खाली लिहिलं होतं, ‘आई, आजोबांसाठीच आहे हे.’ मी हसले. मग तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि त्याचा हात कसा चालतो तेच बघत बसले. रिंग बसवताना तो घाई करत होता. मी असते तर केली नसती.

लग्नाआधी तीन-चार महिने मी दुकानात जातच राहिले. दुसरं करायचं काय होतं? श्रावणात फवारणीचा जोर असतो, पंपांची रांग लागते. पण गावात गोष्ट पसरली होती. पिस्तुलं वामनरावांच्या पोरीनं बिघडवली, चार पोरांचं नुकसान केलं. त्या चार पोरांत एक मी होते, हे त्या गोष्टीतून कधीच गळून गेलं होतं. लोक पंप ठेवताना सांगायचे, “तुमीच पाह्यजा बरं, वामनराव.” बाबा मान हलवायचे आणि पंप मागच्या खोलीत माझ्याकडे यायचा. त्यांची नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती, बारीक काम त्यांना होत नव्हतं.

एक दिवस आर्वी रोडकडचे एक काका पंप न्यायला आले. तो पंप मी सबंध सकाळ बसून केला होता. दांडा झिजलेला, तळाचा जोड फाटलेला, नाठाळ काम. मागच्या खोलीतून मला ऐकू येत होतं. काकांनी विचारलं, “पोरीनं त हात नाई लावला ना याले?” आणि बाबा म्हणाले, “नाई, नाई. मी सोता केला. पोरीनं हात नाई लावला.”

मी उठून बाहेर आले. दोन्ही हात ग्रीसनं माखले होते, ते तसेच पुढे धरले. “काका, मीच केला. चालवून पाहा इथं.” काका गडबडले. पण शेतकरी माणूस, मालाची पारख असलेला. त्यांनी पंपात पाणी भरलं, दांडा मारला आणि नळी रस्त्याकडे धरली. पाण्याची धार सरळ पलीकडच्या पानठेल्याच्या पायरीपर्यंत गेली. जोडावर थेंब नाही. त्यांनी खाली वाकून बोट फिरवून पाहिलं, कोरडं. पानठेल्यावरचे दोघं-तिघं बघायला पुढे आले. मी बाबांकडे पाहिलं. मला काही मोठं नको होतं. ‘हो, तिनंच केला,’ एवढे तीन शब्द पुरले असते. ते ऐकून मी समुद्रपूरला हसत गेले असते.

काका पंप खाली ठेवून म्हणाले, “चालते त चांगला. पण आता शंका आली ना. वामनराव, तुमी एकदा उघडून पाहून घ्या. तुमचा हात लागला की बरं वाटते.”

बाबा खाली बसले. पंप मांडीत घेतला, चावीनं तळ उघडला, मी बसवलेला वायसर बाहेर काढला. उजेडाकडे धरून इकडून पाहिला, तिकडून पाहिला, जणू त्यांना खरंच काही दिसत होतं. मग तोच वायसर त्याच जागी ठेवला, तळ आवळला आणि पंप काकांच्या हाती दिला.

“आता कसं,” काका म्हणाले आणि पंप पाठीला लावून निघून गेले.

बाबांनी माझ्याकडे न पाहता हात पुसायला फडकं मागितलं. मी ते दिलं.